भाड्याने देण्यासाठी घेतलेले जुने घर : दुरुस्ती किती करावी? (अनुभव धागा)

ठाणे आणि नवी मुंबईत पंचवीस-तीस वर्षांपूर्वी गुंतवणूक म्हणून घेतलेली छोटी घरे आता अशा वयाला पोहोचली आहेत की, भाडेकरू बदलला की नुसता रंग देऊन भागत नाही आणि सगळे तोडून नव्याने करावे इतका पैसा त्यात घालणे योग्य आहे का, हेही ठरवता येत नाही. माझे कळव्यातील एक बेडरूमचे घर १९९५ च्या सुमाराच्या इमारतीत आहे. जुना भाडेकरू जाणार असल्याने दोन कंत्राटदारांना बोलावले होते. एकाने संपूर्ण नूतनीकरणाचा साडेसहा लाखांचा अंदाज दिला आणि दुसऱ्याने रंग व किरकोळ डागडुजीचा ९० हजारांचा. दोघेही अनुभवी आहेत आणि दोघांचेही म्हणणे ऐकताना पटते, हीच खरी अडचण आहे.

ज्यांनी असा निर्णय घेतला आहे त्यांनी इमारतीचे वय, झालेला खर्च, भाड्यात पडलेला फरक आणि मुख्य म्हणजे कुठे थांबायचे हे कशावरून ठरवले, एवढे सविस्तर लिहावे, ही विनंती. स्वतः राहण्याच्या घराचे अनुभव कृपया वेगळ्या धाग्यात लिहावेत, कारण तिथे आवड हा मोठा भाग असतो आणि इथे हिशोब हवा आहे.

वाशी

आमचे घर सिडकोने बांधलेल्या चार मजली इमारतीत आहे. वाशीत सेक्टर ९-१० मधील जेएन-१ आणि जेएन-२ प्रकारच्या इमारतींची दुरवस्था ज्यांनी वर्षानुवर्षे पाहिली आहे, त्यांना छताचे पोपडे पडणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. आमची इमारत त्या प्रकारातली नसली तरी वय जवळपास तेच आहे आणि पुनर्विकासाची चर्चा सोसायटीच्या प्रत्येक सर्वसाधारण सभेत होते.

त्यामुळे घराला किती खर्च करायचा हे ठरवण्याआधी इमारत आणखी किती वर्षे उभी राहणार आहे, हे शोधून काढणे मला भाग होते. पुनर्विकासाची नुसती चर्चा आणि प्रत्यक्ष पुनर्विकास यांत अनेक वर्षांचे अंतर असू शकते. २०१९ च्या शासन निर्णयानंतर पूर्वीच्या ७५ ऐवजी ५१ टक्के सभासदांची संमती पुरेशी झाली असली, तरी संमतीनंतर प्रकल्प सल्लागार, निविदा, निबंधकांच्या प्रतिनिधीच्या उपस्थितीत विकासकाची निवड, नोंदणीकृत विकास करार, सिडको व महापालिकेच्या परवानग्या असा लांबचा रस्ता उरतोच. आमची सोसायटी सल्लागाराच्या अहवालापर्यंत आली होती. मी तीन ते चार वर्षे गृहीत धरली आणि त्या मुदतीत वसूल होणार नाही असा एकही रुपया घालायचा नाही, असे ठरवले.

विकासक जुन्या घराचे चटई क्षेत्र मोजतो आणि त्यावर नव्या घराचे क्षेत्र ठरते. तुमच्या घरात जुनी मोझॅक लादी आहे की इटालियन संगमरवर, याचे तो काहीही देत नाही. त्यामुळे वायरिंग बदलली, छताचा सुटलेला गिलावा पाडून गंजलेल्या सळ्या साफ करून तेवढा भाग पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरून घेतला, भारतीय पद्धतीच्या शौचालयाच्या जागी कमोड बसवला आणि रंग दिला. एकूण १ लाख ३५ हजार लागले. भाडे १९ हजारांवरून २१ हजार झाले. पंखे, गिझर आणि स्वयंपाकघरातील रॅक मात्र चांगल्या प्रतीचे घेतले, कारण ते घर रिकामे करताना काढून नेता येतात.

नौपाडा, ठाणे

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, परंतु आमची परिस्थिती नेमकी उलट असल्याने आम्ही उलट निर्णय घेतला. आमची इमारत १९८७ ची, भूखंड लहान, रस्ता अरुंद आणि सभासद मोजके. दोन विकासक येऊन गेले व दोघांनीही गणित बसत नाही असे सांगितले. म्हणजे ही इमारत आणखी दहा-पंधरा वर्षे अशीच राहणार, हे जवळपास निश्चित होते.

गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नियमावलीनुसार) १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांपुढील इमारतीचे दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे सांगाड्याच्या मजबुतीची तपासणी, करणे अपेक्षित आहे. आमच्या सोसायटीने ते केले तेव्हा इमारत सी-२ बी वर्गात आली. ज्यांना हे वर्ग माहीत नसतील त्यांच्यासाठी सांगते: सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तत्काळ रिकामी करून पाडण्याजोगी, सी-२ ए म्हणजे रिकामी करून संरचनात्मक दुरुस्ती, सी-२ बी म्हणजे रहिवासी राहत असतानाच करता येणारी संरचनात्मक दुरुस्ती, आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. ज्या कोणाला जुन्या घरात पैसा घालायचा असेल त्याने कंत्राटदाराला बोलावण्याआधी सोसायटीच्या कार्यालयात जाऊन हा अहवाल मागावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. सोसायटीने खांबांचे जॅकेटिंग (खांबाभोवती मजबुतीसाठी नवे आवरण), बाहेरचा गिलावा आणि सांडपाण्याचे उभे पाइप बदलण्याचे काम पूर्ण करेपर्यंत आम्ही घराच्या आत हात लावला नाही. आतून नवा रंग आणि बाहेरून भेगा, असा क्रम लागला असता तर पहिल्याच पावसाने तो रंग उतरवला असता.

आतील कामाचे आम्ही दोन भाग केले आणि दोन वेगळ्या वह्या ठेवल्या. पहिल्या वहीत असे काम, जे केले नाही तर सध्याचे भाडेसुद्धा मिळणार नाही किंवा शेजाऱ्यांशी भांडणे होतील. दुसऱ्या वहीत असे काम, जे केल्याने भाडे वाढेल.

पहिल्या वहीत पाण्याचे नळ आले. त्या काळी भिंतीत जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप बसवत. ते आतून गंजत जातात, पाण्याची धार बारीक होत जाते आणि एके दिवशी भिंतीतच पाझर सुरू होतो. ते सगळे काढून सीपीव्हीसी (न गंजणारे प्लास्टिकचे) पाइप घातले आणि टाइल लावण्याआधी पंपाने दाब देऊन जोड तपासले. बाथरूम आणि संडासाचा जुना कोबा (लादीखालचा विटांच्या तुकड्यांचा थर) स्लॅबपर्यंत खोदला, कारण खालच्या घरात ओल जात होती. नवीन वॉटरप्रूफिंग झाल्यावर पाणी तुंबवून दोन दिवस ठेवले, खालच्या काकूंना त्यांच्या छताकडे लक्ष ठेवायला सांगितले, आणि त्यांनी कोरडे असल्याचे कळवल्यावरच टाइल बसवण्यास परवानगी दिली. या चाचणीला कंत्राटदार नेहमी कुरकुर करतात, कारण त्यांचे कामगार तेवढे दिवस बसून राहतात. वायरिंगमध्ये दिव्यांना १.५, साध्या प्लगना २.५ आणि गिझर व एसीला ४ चौरस मिलिमीटरची तार घातली, अर्थिंग नव्याने केले आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवला. महावितरणकडे मंजूर भारही वाढवून घेतला, कारण जुना भार दोन एसी धरून घेतलेलाच नव्हता. या वहीची बेरीज ३ लाख ४० हजार झाली.

दुसऱ्या वहीत व्हिट्रिफाइड लादी, स्लायडिंग खिडक्या, ग्रॅनाइटचा ओटा, त्याखालच्या ट्रॉल्या, एक भिंतीतील कपाट आणि रंग. बेरीज २ लाख ७० हजार.

भाडे १७ हजारांवरून २३ हजार ५०० झाले, म्हणजे वर्षाला ७८ हजारांची वाढ. सगळ्या ६ लाख १० हजारांना ७८ हजारांनी भागले तर पावणेआठ वर्षे लागतात आणि हा निर्णय वेडेपणाचा वाटतो. परंतु पहिल्या वहीतील खर्च हा घर टिकवण्याचा खर्च आहे. तो केला नसता तर १७ हजारही थांबले असते. वाढीच्या भाड्यातून वसूल व्हायचे ते केवळ २ लाख ७० हजार, आणि त्यासाठी साधारण साडेतीन वर्षे पुरतात. धागाकर्त्या ताईंना माझी सूचना अशी की, साडेसहा लाखांच्या अंदाजाची याच पद्धतीने दोन भागांत फोड करून मागावी. जो कंत्राटदार ती फोड देत नाही, त्याच्याकडे काम देऊ नये.

नेरुळ

आमच्या घरात महाविद्यालयीन विद्यार्थी किंवा महापे-ऐरोलीच्या कंपन्यांत नुकतेच लागलेले तरुण तिघे-चौघे मिळून राहतात. अशा भाडेकरूंना भाडे वाटून द्यायचे असल्याने ते कुटुंबापेक्षा जास्त देऊ शकतात, पण घरही जास्त वापरले जाते. म्हणून आमचा नियम सौंदर्याचा नाही, टिकाऊपणाचा आहे. फॉल्स सीलिंग नाही, भिंतीला वॉलपेपर नाही, प्लायवुडच्या ट्रॉल्या नाहीत. ओट्याखाली कडप्प्याचे कप्पे, बाथरूमला पीव्हीसीचे दार, भिंतींना धुता येणारा रंग, आणि प्रत्येक पलंगाजवळ दोन प्लग. या शेवटच्या गोष्टीचा खर्च नगण्य असतो आणि घर पाहायला येणारे तरुण पहिल्यांदा तेच मोजतात.

पाचपाखाडी, ठाणे (निवृत्त स्थापत्य अभियंता)

या धाग्यात पैशाची चर्चा चांगली चालली आहे, परंतु वजनाची चर्चा कोणीच करत नाही, म्हणून लिहीत आहे.

राहत्या घराचा स्लॅब माणसे, सामान वगैरे हलत्या भारासाठी भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला साधारण २०० किलो धरून संकल्पित केलेला असतो. जुन्या लादीवर ४० मिलिमीटर जाडीचा सिमेंट-वाळूचा थर घालून वर नवी लादी बसवली की चौरस मीटरमागे सुमारे १०० किलो कायमचे वाढतात. म्हणजे त्या भारातील निम्मा वाटा कोणी घरात पाऊल टाकण्याआधीच संपला. जुनी लादी पक्की असेल आणि दारांच्या उंचीचा प्रश्न नसेल, तर चिकटवणाऱ्या मिश्रणाच्या पातळ थरावर नवी लादी बसवता येते. त्यात ३० किलोंच्या आसपास भर पडते. अन्यथा जुनी लादी आणि तिच्याखालचा मसाला काढूनच नवी लादी घालावी. बाथरूममध्ये जुन्या कोब्यावर नवा कोबा चढवण्याची पद्धत तर पूर्णपणे बंद व्हायला हवी, कारण विटांच्या तुकड्यांचा कोबा दर शंभर मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे दोनशे किलोंच्या जवळ जातो, आणि गळणाऱ्या बाथरूमखालच्या सळ्या आधीच गंजलेल्या असतात. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे तो काँक्रीटला आतून फोडतो. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत ही क्रिया अधिक वेगाने होते. जून २०२२ मध्ये नेरुळमधील एका इमारतीत वरच्या मजल्यावरील हॉलचा स्लॅब कोसळून खालच्या मजल्यांचे स्लॅब एकापाठोपाठ एक कोसळत गेले, ही घटना इथल्या अनेकांच्या स्मरणात असेल.

दुसरी बाब भिंतींची. हॉल मोठा दिसावा म्हणून स्वयंपाकघराची भिंत काढण्याचा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. आरसीसी सांगाड्याच्या (काँक्रीटच्या खांब-तुळयांवर उभ्या) इमारतीत पातळ विभाजक भिंत काढणे बहुधा शक्य असते. परंतु ठाण्याच्या जुन्या भागांतील काही इमारती विटांच्या भारवाही भिंतींवर उभ्या आहेत आणि तिथे तीच भिंत वरचा मजला उचलून धरत असते. पाहून ओळखता येते असे समजू नये, अभियंत्याला दाखवावे. तसेच पाइप किंवा वायरसाठी तुळईत आणि खांबात झिरी मारू देऊ नये, कारण सळ्यांवरचे काँक्रीटचे आवरण हेच त्यांचे एकमेव संरक्षण असते. अभियंत्याचे शुल्क देणे जिवावर येते, हे मी व्यवसायात असताना पुरेसे पाहिले आहे. तरी ते एका ग्रॅनाइटच्या ओट्यापेक्षा कमी असते.

खारघर

मला घर भाड्याने ठेवायचे नव्हते, दोन वर्षांत विकायचे होते. बहुतेक नातेवाइकांनी आधी चकाचक करून मग विकावे असा सल्ला दिला. माझा अनुभव असा की, या वयाचे घर घेणारा ग्राहक आपल्या पसंतीने सगळे तोडणार हे ठरवूनच येतो. तुमच्या नव्या किचनची किंमत तो धरत नाही. गळतीचे डाग, चिरलेला कमोड आणि अडकणारी खिडकी मात्र तो बरोबर हेरतो आणि प्रत्येकामागे किंमत पाडून मागतो. म्हणून गळतीचे मूळ दुरुस्त करून पांढरा रंग दिला, खिडक्यांचे रोलर बदलले. ८५ हजारांत काम झाले. बेलापूर-पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाल्यानंतर स्थानकापासूनचे अंतर विचारणारे ग्राहक वाढले. लादीबद्दल कोणी विचारले नाही.

वर्तकनगर, ठाणे

मी करसल्लागाराच्या कार्यालयात काम करते, त्यामुळे एका गैरसमजाकडे लक्ष वेधते. दुरुस्तीचा खर्च भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतो, असे अनेक घरमालक धरून चालतात आणि त्या भरवशावर जास्त खर्च करतात. प्रत्यक्षात भाड्यातून तुम्ही भरलेला मालमत्ता कर वजा करून उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. तुम्ही वर्षभरात एक रुपया खर्च केला काय किंवा पाच लाख केले काय, ती वजावट तेवढीच राहते. दुरुस्तीसाठी कर्ज काढले असेल तर त्याचे व्याज भाड्याच्या घरात वजा मागता येते. परंतु त्यामुळे तोटा दिसत असेल तर जुन्या करप्रणालीत तो इतर उत्पन्नातून वर्षाला २ लाखांपर्यंतच वळता होतो आणि नव्या प्रणालीत तेवढाही होत नाही.

खर्चाचा उपयोग होतो तो घर विकताना. नवी लादी, नवी वायरिंग, पाइप, खिडक्या अशा भांडवली स्वरूपाच्या सुधारणेचा खर्च घराच्या किमतीत मिळवता येतो आणि तेवढा भांडवली नफा कमी होतो. रंग आणि किरकोळ डागडुजी त्यात धरली जात नाही. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तींना महागाई निर्देशांक न लावता १२.५ टक्के किंवा निर्देशांक लावून २० टक्के, यांपैकी जो कर कमी असेल तो निवडता येतो. हे सगळे बिल असेल तरच. बिल नको म्हटल्याने कंत्राटदार १८ टक्के जीएसटी वाचवून देतो हे खरे, पण वीस वर्षांनी दाखवायला तुमच्या हाती काही राहत नाही. निदान पैसे तरी बँकेतून द्यावेत आणि कामाची यादी सही करून घ्यावी.

कोपरी, ठाणे (सोसायटीचे सचिव)

सचिव म्हणून एवढेच सांगतो की, अंदाजपत्रकात सोसायटीचा रकाना धरावा. घरात संरचनेला हात लागणार असेल तर कार्यकारिणीची आगाऊ लेखी परवानगी आवश्यक आहे. बहुतेक सोसायट्या अनामत रक्कम घेतात, ठरावीक वेळेतच तोडफोड करू देतात आणि डेब्रिजच्या गोण्या जिन्यात ठेवल्यास दंड लावतात. लिफ्ट नसलेल्या इमारतीत गोण्या उतरवण्याची आणि वाळू-सिमेंट चढवण्याची मजुरी मजल्यागणिक वाढते. ती बहुतेक अंदाजांत लिहिलेली नसते आणि काम अर्धे झाल्यावर मागितली जाते.

गळतीच्या बाबतीत आधी जबाबदारी ठरवून घ्यावी. पावसाचे पाणी बाहेरच्या भिंतीतून, गच्चीतून किंवा सामाईक पाइपांतून येत असेल तर ती दुरुस्ती सोसायटीची आहे. वरच्या सभासदाच्या बाथरूममधून येत असेल तर खर्च त्यांचा. जे काम सोसायटीने करायचे आहे ते भाडेकरूच्या घाईपोटी घरमालक स्वतःच्या खिशातून करतात आणि वर्षभराने भरपाई मागायला येतात. तशी मंजुरी देणे कार्यकारिणीला शक्य नसते. भाड्याने दिलेल्या घराला बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नसल्याबद्दल सोसायटी घेते ते) लागते, पण ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक आकारता येत नाही. आमच्याच परिसरात काही ठिकाणी त्याहून जास्त घेतले जाते, तेव्हा पावती वाचावी.

ऐरोली

किती करावे याबरोबर केव्हा करावे हाही प्रश्न आहे. आम्ही वरच्या मजल्यावरचे जुने घर फेब्रुवारीत विकत घेतले. तेव्हा भिंती कोरड्या होत्या आणि आधीच्या मालकाने नुकताच रंग दिलेला होता. जिथे एका पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथे फेब्रुवारीतल्या कोरड्या भिंतीवर विसंबून अंदाजपत्रक करणे मला योग्य वाटले नाही. म्हणून पहिले वर्ष केवळ वायरिंग तपासून, नळ बदलून, दीड हजार रुपये कमी भाड्याने घर एका ओळखीच्या जोडप्याला दिले आणि पावसाळ्यात कुठे ओल दिसते त्याचे फोटो तारखेसह पाठवावेत, अशी त्यांना विनंती केली.

ऑगस्टपर्यंत चित्र स्पष्ट झाले. आम्हाला ज्या गच्चीकडच्या छताची भीती होती ते कोरडे राहिले; ओल आली ती बेडरूमच्या खिडकीच्या छज्ज्यावरून आणि एसीच्या भोकातून. कंत्राटदाराने आधी दिलेल्या अंदाजात छताच्या आतील वॉटरप्रूफिंगसाठी ६० हजार धरले होते, ते वगळले. छज्ज्याचा उतार दुरुस्त करणे आणि खिडकीच्या चौकटीभोवतीची फट भरणे १४ हजारांत झाले. छज्जा बाहेरचा असल्याने त्यातील निम्मा भाग सोसायटीने दिला. आतला गिलावा आणि रंग यांचे काम दिवाळीनंतर भिंती पूर्ण वाळल्यावर केले, आणि तेच जोडपे आता ठरलेल्या पूर्ण भाड्यावर राहत आहे.